सात नंबरची खुर्ची

पहाटे ५

डोळे उघडले की पहिलं काम आरशाचं. त्यात तोंड बघायचं नसतं, पाठ बघायची असते. बायको बॅटरी धरते, मी कुशीवर होऊन हातातला आरसा मागं फिरवतो. माकडहाड, बैठकीची दोन्ही हाडं, टाचा. कुठं लाल डाग दिसला आणि बोटानं दाबल्यावर पांढरा पडला नाही, तर त्या दिवशी खुर्चीत बसणं बंद. कमरेखाली काही कळत नाही म्हटल्यावर कातडी आपण होऊन सांगत नाही, तिला रोज विचारावं लागतं. उसाची ट्रॉली उलटून मणका गेला त्याला बारा वर्षं झाली. पहिल्या वर्षी हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि एका जखमेपायी पाच महिने पालथं पडून काढले. आमच्या संघात मणक्याचं नवं पोरगं आलं की जर्सीच्या आधी त्याच्या हातात आरसा देतो.

बाहेर अंथुर्ण्यात अजून अंधार असतो. जानेवारी म्हणजे गळीत हंगाम भरात. उसाच्या जोडट्रॉल्या रात्रभर भवानीनगरच्या कारखान्याकडं चाललेल्या असतात, टेपचा आवाज लांबून येतो आणि लांब जातो. इंजिनाच्या आवाजावरून अजूनही कळतं, ट्रॅक्टर कुठल्या गिअरमध्ये आहे ते.

सकाळी ७

दुकान बारामती-इंदापूर रस्त्याला लागून आहे. वेल्डिंग, ग्रिल, पंक्चर, शेतीची किरकोळ अवजारं. शटर मीच उचलतो, त्याला बसून हात पोचेल अशी दोरी बांधलीय. टेबलाखाली मांड्या जाव्यात म्हणून टेबल चार बोटं उंच केलंय. दारात पायरी नाही, उतार आहे. गिऱ्हाईकांचे फवारणीचे पंप आणि सायकलीही त्या उतारावरूनच सरळ आत येतात.

हंगामात पहिलं गिऱ्हाईक ऊसतोडीचं. आज बीडकडच्या एका जोडप्याच्या टायरगाडीचा दांडीचा जोड उकलला होता. "दादा, बैलं जुपलेली हायती, तेवढं पटकन." आधी दोन टॅक मारले, मग पूर्ण टाका ओढला. जाताना गाडीच्या मागच्या फळीला लाल रेडियमची पट्टी चिकटवली. तिचे पैसे मी घेत नाही. लोखंडाचं काम सोपं, लोखंड सांभाळून घेतं. ॲल्युमिनियम तसं नाही, आणि आज सकाळपासून माझ्या डोक्यात ॲल्युमिनियमच होतं.

बाजूच्या भिंतीवर मी बास्केटची कडी लावलीय. १६ एमएमची सळई, आतला व्यास ४५ सेंटिमीटर, जमिनीपासून उंची ३.०५ मीटर. पायांवर धावणाऱ्यांना जेवढी उंची तेवढीच आम्हाला. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये कडी एक इंचही खाली येत नाही आणि मैदानही २८ बाय १५ मीटरचंच राहतं. शाळेची पोरं दप्तर टाकून दोन बॉल मारायला थांबतात. मी त्यांना खुर्चीत बसवतो. बसून मारलेला बॉल कडीच्या हातभर खालीच भिंतीला लागतो, तेव्हा ती गप्प होतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.

सकाळी ९

सात नंबरची खुर्ची टेबलावर उलटी केली. सात नंबर म्हणजे आमचा इंदापूरकडचा पोरगा, एका पायाला पोलिओ, संघातला सगळ्यात वेगवान. खुर्ची चार वर्षांपूर्वी एका कंपनीनं दिलेल्या सहांपैकी. त्या सहा आल्या म्हणून आम्ही खेळायला लागलो. त्याआधी दवाखान्याच्या खुर्च्या फिरवत होतो. हे उपकार मी कधी विसरत नाही.

मंगळवारी सरावात समोरासमोर धडक झाली आणि तो म्हणाला, "भाऊ, पुढनं कुरकुर वाजतंय." आज बघितलं. पुढच्या छोट्या चाकाच्या घराजवळ डिझेलचा बोळा फिरवला, कोरडं पुसलं आणि वर खडू चोळला. चहा होईस्तोवर पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ उमटली. टाक्याच्या कडेनं, अर्धी नळी वेढून गेलेली. चिरेत शिरलेलं डिझेल खडू ओढून घेतो, म्हणून रेघ दिसते. रेघेच्या टोकाला ३ एमएमचं भोक पाडलं, म्हणजे चीर पुढं पळत नाही. इथून पुढचं काम माझ्या मशिनचं नाही. ॲल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागतं आणि त्यासाठी बारामतीची एमआयडीसी गाठावी लागते.

ही चीर पडली त्यात कुणाची चूक नाही. हा खेळच धडकेचा आहे. म्हणून तर प्रत्येक खुर्चीची पुढची आडवी नळी जमिनीपासून ११ सेंटिमीटरवरच हवी असा नियम आहे. सगळ्यांची नळी एका उंचीवर असली की नळी नळीला भिडते, नाहीतर एकाची नळी दुसऱ्याच्या स्पोकमध्ये घुसेल. मोठी चाकं वरून आत आणि खालून बाहेर कललेली असतात, त्याला कॅम्बर म्हणतात. त्यानं खुर्ची जागच्या जागी भोवऱ्यासारखी वळते, आणि दोन खुर्च्या घासल्या तरी बोटं चिरडत नाहीत, कारण आधी टेकतात ती खालची चाकं. मागं उलटू नये म्हणून बारीक चाक. आणि ट्यूब! तिचा व्हॉल्व्ह बारीक नळीचा, आपल्याकडचा पंप त्यावर बसत नाही. पहिल्या वर्षी एका पंक्चरपायी एक खुर्ची सव्वा महिना उभी होती, व्हॉल्व्हवर बसणारी पितळी टोपी पुण्याहून येईपर्यंत. टोपीची किंमत चहा-भज्यांएवढी.

माळ्यावर दहा घडीच्या खुर्च्या होत्या. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, कुणीतरी मंडप घालून त्या आम्हा खेळाडूंनाच वाटल्या होत्या. चांगल्या होत्या, पण एकाच मापाच्या. खेळाची खुर्ची अंगाला शिवल्यासारखी लागते. कंबर किती, मांडी किती, पोटाचा स्नायू धरतो की नाही, यावर बैठकीची रुंदी, खोली आणि पाठीचा टेकू ठरतो. त्या दहातल्या आठ मी गावात ज्या म्हाताऱ्या माणसांना उठवत नव्हतं त्यांच्या घरी पोचवल्या. तिथं त्यांचं चीज झालं. आम्हाला मात्र वाटपाआधी कुणी येऊन टेप लावून मापं घेतली असती तर तेवढ्याच पैशात निदान एक तरी खेळाची खुर्ची झाली असती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि आज एका कंपनीची माणसं येणार होती, तो दिवस महत्त्वाचा वाटत होता तोही त्यामुळंच.

सकाळी ११

त्या कंपनीच्या सीएसआरच्या, म्हणजे समाजकामाच्या खात्याच्या मॅडम पुण्याहून आल्या, सोबत त्यांच्या इकडच्या कारखान्यातले एक साहेब. मॅडमनी वही काढली. "लाभार्थी किती, दादा?"

"बारा, मॅडम. त्यातले एका वेळी खेळतात पाच."

"का?"

"खुर्च्या पाचच चालू आहेत. पाच म्हणजे एक संघ. समोर कुणी नाही."

त्यांनी पेन थांबवलं. मग सात नंबरच्या खुर्चीवरची काळी रेघ बघायला वाकल्या. चांगली खुर्ची दाखवली तर म्हणाल्या, "मी बसू?" पट्टा आवळून दिला. दोनदा ढकलून वळायला गेल्या आणि गर्रकन उलट्या दिशेला तोंड झालं. हसल्या. बॉल दिला, कडीकडं मारला, खालीच लागला. तिसऱ्या वेळी दंडाला हात लावून म्हणाल्या, "हे सगळं खांद्यावर येतं." खांद्यावरच येतं. त्याच खांद्यांनी आम्ही पलंगावरून खुर्चीत जातो, खुर्चीतून संडासात जातो. खांदा दुखावला की खेळही बंद आणि घरातलं हिंडणंही बंद. म्हणून बेअरिंग जड झालेली खुर्ची मी एक दिवसही मैदानात जाऊ देत नाही.

मॅडम म्हणाल्या, "दहा खुर्च्या प्रस्तावात धरू या."

मी म्हणालो, "सहा धरा, मापं घेऊन. उरलेले पैसे तीन वर्षं ट्यूब, टायर, बेअरिंग, आर्गन, मैदानाचं भाडं आणि टेम्पोला द्या." हे मी रात्रीच ठरवलं होतं, तरी बोलताना घसा कोरडा पडला. देणाऱ्याला 'कमी द्या' म्हणणं सोपं नसतं. माझी समजूत अशी होती की कंपनीचा पैसा ३१ मार्चच्या आत संपवावाच लागतो, त्यामुळं तीन वर्षांचं कुणी ऐकणार नाही.

ती समजूत मॅडमनीच दूर केली. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटींची, किंवा उलाढाल १००० कोटींची, किंवा निव्वळ नफा ५ कोटींचा, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचे. कुठल्या कामावर, त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे आणि तिच्यात ग्रामीण खेळ, ऑलिंपिक खेळ यांच्या शेजारी पॅरालिंपिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलंय. काम आधीच 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घेतलं, तर ते सुरू झालेलं वर्ष सोडून पुढं तीन वर्षं चालवता येतं. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून ठेवायची, एवढंच. "म्हणजे ट्यूबसुद्धा बसते यात," मॅडम म्हणाल्या. "पण आम्हाला आकडे हवेत. अंदाजे नको."

साहेब मगापासून टेबलापाशी उभे होते. सकाळी केलेला ग्रिलचा टाका अंगठ्यानं चाचपत होते. निघताना विचारलं, "तुमच्या पोरांमध्ये अजून कुणाला असं हातकाम येतं?"

दुपारी दीड

भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, कांदा. दर अर्ध्या तासाला हातांवर जोर देऊन अंग वर उचलतो, तसं जेवतानाही उचललं. आई म्हणते, ताटावरनं उठू नये. तिला अजून पटलेलं नाही.

दुकानात माझ्या मागं मुरलीकांत पेटकरांचा फोटो आहे. सांगली जिल्ह्यातले, लष्करात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रदुरुस्तीची अवजारं हाताळणारा माणूस. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक, ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. त्यांच्यावर चित्रपट आल्यापासून एवढं पोराटोरांना माहीत झालंय. मला त्यांच्या गोष्टीतल्या दुसऱ्या दोन बाबी मोठ्या वाटतात. एक, जर्मनीला जायचं तिकीट. तो खर्च उचलला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेनं. मर्चंट स्वतः मुंबईच्या कापडगिरण्या चालवणाऱ्या ठाकरसी घराण्यातले. आणि दुसरी, पुण्याच्या टेल्कोतली नोकरी. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, पदकानंतर ४६ वर्षांनी. मधल्या वर्षांत घर चाललं ते पदकावर नाही, पगारावर.

दुपारी ३

ऊन उतारावर आलं की गिऱ्हाईक कमी होतं. वही घेऊन बसलो.

कागदांची बाजू थोडक्यात. कंपनी थेट आमच्या हातात पैसे देत नाही. संस्था नोंदलेली लागते, आयकराचं १२ए आणि ८०जी लागतं, आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी मंत्रालयाकडं सीएसआर-१ हा फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. बारामतीतल्या एका संस्थेकडं हे सगळं आहे, त्यांच्यामार्फत जायचं. खेळाडूंची दिव्यांगत्वाची युडीआयडी कार्डं मी गोळा करून ठेवलीत. एकीचं अजून आलेलं नाही.

खरा वेळ गेला एका पत्रात. ते साहेबांना होतं. सीएसआरचा पैसा कंपनीच्या फक्त स्वतःच्या कामगारांवर खर्च करता येत नाही, म्हणजे खेळाडूला कामावर घेणं हे त्या खात्यात धरलं जात नाही. तो कप्पाच वेगळा. सरकारी नोकरीत २०१६ च्या कायद्यानं किमान ४ टक्के जागा आहेत, खासगी कारखान्यावर तशी सक्ती नाही. म्हणून तिथं माणसालाच पटावं लागतं. मी लिहिलं की हा खेळ वाढला तोच कारखान्यांच्या आवारात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बुलोव्हा या घड्याळांच्या कंपनीनं जखमी सैनिकांसाठी घड्याळं दुरुस्त करायची शाळा काढली आणि त्या शाळेचा व्हीलचेअर बास्केटबॉलचा संघ नावाजला. जपानमध्ये युताका नाकामुरा नावाच्या डॉक्टरांनी १९६४ च्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये जपानचा संघ नेला. त्यांना दिसलं की परदेशी खेळाडू स्पर्धा संपवून आपापल्या कामावर परत जाणार आहेत आणि आपले खेळाडू परत दवाखान्यात जाणार आहेत. पुढच्याच वर्षी त्यांनी बेप्पू गावात 'सूर्याचं घर' या अर्थाच्या नावाची संस्था उभी केली. १९७२ मध्ये ओमरॉननं तिथं कारखाना काढला, मागून सोनी आली, होंडा आली. बसून करता येईल असं टेबल आणि दारात उतार.

आमच्या बाजूला काय आहे ते खाली लिहिलं. बारामतीत पियाजिओच्या रिक्षा बनतात, भारत फोर्जचं यंत्रकाम आहे, दुधाचे आणि चॉकलेटचे मोठे प्रकल्प आहेत. शेजारच्या वालचंदनगरला तर इस्रोच्या रॉकेटचे भाग होतात. तपासणी, मोजमाप, पॅकिंग, बिलं, बसून होणारी कामं यांत किती असतील! 'आमच्या दोघांना वेल्डिंग येतं, एकीला टॅली येतं, तिघं बारावी झालेत,' असं लिहून खाली सही केली आणि पत्र पाठवून दिलं. शिफारशीचे शब्द घातले नाहीत.

दुपारी साडेचार

साइड व्हील लावलेल्या स्कूटरला मागं सात नंबरची खुर्ची बांधली, चाकं काढून पोत्यात. जंक्शन, लासुर्णे, बेलवाडी, सणसर, भवानीनगर, काटेवाडी. आषाढात याच रस्त्यानं तुकोबारायांची पालखी उलट दिशेनं, इंदापूरकडं जाते. त्या दिवसांत वारकऱ्यांच्या टाळाच्या दोऱ्यांपासून रथाच्या मागच्या टेम्पोपर्यंत सगळी दुरुस्ती मी फुकट करतो.

एमआयडीसीतला आर्गनवाला वयानं माझ्याहून लहान, पण हात फार स्थिर. तारेच्या ब्रशनं त्यानं जागा चकाचक केली, रंगाचा कणही ठेवला नाही. मग काच खाली घेतली. आमच्या वेल्डिंगसारख्या ठिणग्या उडत नाहीत, नुसता गुणगुणल्यासारखा आवाज, आणि चीर पाऱ्यासारखी मिटत जाते. "टाका घट्ट बसतो," तो म्हणाला, "पण बाजूचा धातू तापून नरम पडतो. वर पट्टी घेऊ." बोटाएवढी पट्टी घेतली. पैसे घेताना त्यानं निम्मेच घेतले. मी पूर्ण रकमेची पावती मागितली. त्याला वाटलं मी रागावलो. रागावलो नव्हतो. खरा खर्च कागदावर आला नाही तर मॅडमना खरा आकडा कुठून देऊ? त्याची मदत वेगळ्या ओळीत लिहिली.

संध्याकाळी ६

शाळेचं सिमेंटचं मैदान आम्हाला मंगळवार, शुक्रवार दोन तास मिळतं. शेवटच्या रिक्षा निघून जायच्या आत संपवायचं, नाहीतर दौंडकडची ताई अडकते.

आज सहा खुर्च्या झाल्या, म्हणजे तीन विरुद्ध तीन. तीन दिवसांनी समोर कुणीतरी होतं! सात नंबरनं खुर्चीत बसल्या बसल्या पुढं वाकून पट्टीवर अंगठा फिरवला आणि काही न बोलता पळत सुटला.

या खेळाचं मला सगळ्यात आवडणारं गणित सांगतो. प्रत्येक खेळाडूला शरीराच्या क्षमतेप्रमाणे १ ते ४.५ गुण असतात आणि मैदानातल्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊ द्यायची नाही. मी १ गुणाचा, पोटाचे स्नायू नाहीत, वाकलो तर हातानंच सावरावं लागतं. सात नंबर ३.५ चा. दौंडची ताई, एक पाय गुडघ्याखाली नाही, ती ४.५ ची. म्हणजे नुसते धडधाकट निवडून संघ होत नाही, माझ्यासारखा एकजण ठेवावाच लागतो. माझी बैठक ६३ सेंटिमीटरपर्यंत उंच चालते, ताईची ५८ च्या वर चालत नाही. बास्केट मी क्वचित करतो. माझं काम समोरच्याच्या मोठ्या चाकाला माझी खुर्ची आडवी लावायची आणि सात नंबरला वाट करून द्यायची. बॉल मांडीवर ठेवून चाकाला दोनच ढकलण्या, तिसरीच्या आत बॉल आपटला पाहिजे, नाहीतर गेला समोरच्याकडं.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते पुण्यात खडकीला, पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरच्या जवानांचा खेळ. १९७४ पासूनची संस्था. मला तिथं एकानं नेलं होतं, मी तेव्हा कुणाशी बोलतही नव्हतो. एक जवान खुर्चीसकट आडवा पडला. मी ओरडलो. कुणी धावलं नाही. त्यानं हात टेकला, अंगाला झोका दिला आणि खुर्चीसकट उभा राहून बॉलमागं गेला. मला आठवतं, घरी येताना मी पहिल्यांदा भूक लागली म्हणालो होतो.

आज नवीन पोरगी आली होती, इयत्ता नववी, आईबरोबर. बाजूला बसून बघत होती. आई म्हणाली, "हिला पण अशी खुर्ची मिळंल का?" मी टेप काढला. कंबर ३१, मांडी ३८. वहीत लिहून ठेवलं. महाराष्ट्राच्या मुलींनी राष्ट्रीय स्पर्धा जिंकलीय हे तिला सांगितलं. तिनं विचारलं, "त्या कुठल्या गावच्या?" आणि मग, "आमच्या बाजूचं कोणच नाही?" मी करमाळ्याच्या सुयश जाधवचं नाव सांगितलं. दोन्ही हात विजेच्या धक्क्यानं गेले, तरी २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत पोहण्यात सुवर्ण, २०२० चा अर्जुन पुरस्कार. करमाळा उजनीच्या पलीकडं, फार लांब नाही. ती म्हणाली, "पण ते पोहतात." खरंय. मी तिच्या हातात बॉल दिला.

रात्री साडेआठ

परतीला काटेवाडीच्या पुढं एक जोडट्रॉली रस्त्यात बंद पडलेली, मागं दिवा नाही. थांबलो. डिकीत रेडियमचा गुंडाळा असतोच. ड्रायव्हर पोरगा होता, विशीचा. म्हणाला, "काका, तुम्ही बसा, मी लावतो." दोन्ही बाजूंना लावून घेतलं आणि मागं दगड ठेवायला सांगितलं.

रात्री १०

आमची पोरगी झोपली होती. दिवसभर बसल्यावर तासभर पालथं झोपायचं असतं, छातीखाली उशी घेऊन. तसाच वही पुढं ओढून लिहीत होतो. मोबाईल वाजला. मॅडमचा मेसेज. 'दादा, साहेबांनी पत्र वाचलं, टॅलीवाल्या ताईंना सोमवारी भेटायला सांगताय. आणि मला प्रस्तावासाठी एक आकडा द्या, एका खुर्चीला वर्षाला ट्यूब किती?'

मागच्या वर्षीची पानं उलटली. सहा खुर्च्यांना एकतीस. एप्रिल-मे मध्ये सिमेंट तापतं तेव्हा जास्त जातात, ते महिने वेगळे मोजले. मग लिहिलं: पाच धरा, मॅडम. आणि बारीक व्हॉल्व्हच्या. त्यावर बसणाऱ्या दोन पितळी टोप्याही.